देणगी घ्यावी, पण अट वाचून

मावळातल्या औंढ्यापासून कार्ल्याची लेणी फार लांब नाहीत. तिथल्या चैत्यगृहावर ऋषभदत्ताच्या दानाचा लेख कोरलेला आहे. चारही दिशांकडून येणाऱ्या आणि वर्षावासात लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले, असे तो सांगतो. दान कशासाठी वापरायचे हे दात्याने ठरवण्याची रीत आपल्याकडे सुमारे दोन हजार वर्षांची आहे. तिच्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो दाता पैशाच्या विनियोगापलीकडे जाऊन संस्थेने काय बोलावे हेही ठरवू लागतो तेव्हा.

असा प्रसंग सांगलीत घडला. १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था तिथे देहविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करते. मीना शेषू तिच्या संस्थापक. कामाची पद्धत साधी होती. वस्तीतल्याच महिला एकमेकींना निरोध वाटत, तपासणीला नेत, आजारपणात सोबत करत. बाहेरच्या माणसाचा उपदेश जिथे पोहोचत नाही, तिथे शेजारणीचा शब्द पोहोचतो. यातूनच १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही या महिलांची स्वतःची संघटना उभी राहिली.

२००३ मध्ये अमेरिकेने एड्सविरोधी लढ्यासाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्या कायद्यात एक अट होती. निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचे धोरण म्हणून जाहीर करायचे. वरवर पाहता यात वावगे वाटत नाही. पण ज्या महिलांच्या विश्वासावर सगळे काम उभे आहे, त्यांच्याच विरोधात लेखी भूमिका घेऊन पुन्हा त्यांच्या दारात कसे जायचे? संसर्गजन्य आजारात विश्वास तुटला की माणसे लपतात, तपासणी टाळतात आणि विषाणूला मोकळे रान मिळते. 'संग्राम'ने २००५ मध्ये ही अट नाकारली आणि अमेरिकी निधीवर पाणी सोडले. त्याच वर्षी ब्राझील सरकारनेही याच अटीमुळे सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले.

नकार देणे मात्र सर्वांना परवडत नाही, हेही मान्य करायला हवे. या अमेरिकी योजनेने अडीच कोटींहून अधिक जीव वाचल्याचे तिथले सरकार सांगते. पैसा नाकारला तर उद्याच्या गोळ्या कोण देणार, हा रुग्णाचा प्रश्न तत्त्वाच्या उत्तराने मिटत नाही. त्यामुळे अट मान्य करणारी प्रत्येक संस्था लाचार ठरत नाही.

पुढे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरली. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने परदेशी संस्थांना हे संरक्षण नाही असा निकाल दिला. म्हणजे तिथल्या संस्थेला मोकळीक आणि सांगलीतल्या संस्थेवर बंधन. गर्भपाताविषयीची अमेरिकी अटही अशीच. १९८४ मध्ये ती आली आणि तेव्हापासून तिथले सरकार बदलले की ती कधी उठते, कधी परतते. दवाखाना इथला, पण त्याचे वेळापत्रक ठरते वॉशिंग्टनमध्ये.

अटी परक्याच घालतात असेही नाही. परदेशी देणगीविषयक आपल्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थांमार्फत पैसा मिळवणाऱ्या गावपातळीवरच्या लहान संस्थांचा तो मार्ग बंद झाला.

तुमच्या गावातल्या संस्थेला उद्या मोठी देणगी आली, तर विश्वस्तांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. अट पैशाच्या वापरापुरती आहे, की संस्थेच्या भूमिकेवरही आहे? ती पाळल्याने कोणता रुग्ण आपल्यापासून दुरावेल? आणि हा निधी अचानक थांबला, तर चालू उपचार किती महिने निभावता येतील? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा जगभरातल्या अनेक दवाखान्यांना या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका रात्रीत शोधावे लागले.