नवं भांडं, जुनं विरजण

पासवर्ड बदलायचं पान आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जुना पासवर्ड टाका, नवा टाका, नवा पुन्हा एकदा टाका. जुना चुकला तर तशी सूचना येते आणि आपण पहिल्यापासून सुरुवात करतो. ‘वेबमिन’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशाच एका पानावर, ‘जुना पासवर्ड’ या चौकटीमागे, कित्येक महिने एक चोरवाट होती. त्या चौकटीत पासवर्डऐवजी संगणकाला द्यायची आज्ञा लिहिली की सर्व्हर ती पाळायचा, आणि ‘पासवर्ड चुकला’ या सूचनेलाच आज्ञेचं उत्तर जोडून परत पाठवायचा.

ऑस्ट्रेलियाच्या जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ साली वेबमिन लोकांपुढे आणलं. लिनक्स किंवा युनिक्सचा सर्व्हर सांभाळणं म्हणजे एरवी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसणं. वेबमिनने हे काम ब्राउझरमध्ये आणून ठेवलं. १०००० क्रमांकाच्या पोर्टवर लॉगिन करा आणि बसल्या जागी खाती उघडा, डिस्कमधली जागा पाहा, मेल नि फायरवॉलच्या खिट्ट्या फिरवा. एकट्याने दहा यंत्रं सांभाळणाऱ्या ॲडमिनला याचं मोल विचारा. पण ही सगळी कामं करायची तर वेबमिनला ‘रूट’चे, म्हणजे त्या यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार लागतात. म्हणूनच इथली चोरवाट थेट तिजोरीच्या खोलीत उघडणारी होती.

वेबमिन पर्ल भाषेत लिहिलेलं आहे. पर्लमध्ये ‘क्यूएक्स’ ही दोन अक्षरं आणि त्यापुढे दोन तिरप्या रेघा असल्या, की त्या रेघांमधला मजकूर संगणक आज्ञा म्हणून चालवतो. पासवर्ड बदलणाऱ्या फाइलमध्ये, ‘पासवर्ड चुकला’ ही सूचना दाखवणाऱ्या ओळीत, वापरकर्त्याने भरलेला जुना पासवर्ड कोणीतरी या दोन रेघांमध्ये नेऊन ठेवला होता. एवढंच. भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटावी अशी ती भर होती. ‘मी कोण’ असं विचारणारी साधी आज्ञा चौकटीत टाकली तर सर्व्हर उत्तर द्यायचा : रूट.

१० ऑगस्ट २०१९ रोजी लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत तुर्कस्तानचे संशोधक ओझकान मुस्तफा अक्कुश यांनी ही चोरवाट जाहीर केली. वेबमिनच्या मंडळींना त्यांनी आधी कळवलं नव्हतं. हे मला पटत नाही. दुरुस्तीला वेळ मिळाला असता तर हजारो ॲडमिनांची धावपळ टळली असती. त्या वेळी इंटरनेटवरून थेट पोहोचता येतील अशी वेबमिनची दोन लाखांहून अधिक ठिकाणं दिसत होती. सुरुवातीला सर्वांना ही प्रोग्रॅमरची चूक वाटली. मग कोणीतरी गिटहबवरचा मूळ कोड उघडला, आणि त्यात ती ओळ स्वच्छ होती! दोष फक्त सोर्सफोर्जवरून उतरवून घ्यायच्या तयार पॅकेजमध्ये होता.

उलगडा झाला तो असा. एप्रिल २०१८ मध्ये हल्लेखोर वेबमिनच्या बिल्ड सर्व्हरवर शिरला. कोडचं पॅकेज जिथे बांधलं जातं, ते हे यंत्र. तिथल्या फाइलमध्ये त्याने भर घातली आणि फाइलची तारीख मागे ढकलली, त्यामुळे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या ‘गिट’च्या तुलनेत फरक दिसलाच नाही. आवृत्ती १.८९० अशी बाहेर पडली आणि तिच्यात लॉगिन न करताही आत शिरता येत होतं. पुढे ती फाइल मूळ रूपात आणली गेली, तर जुलैमध्ये तो पुन्हा आला. या खेपेची भर मुदत संपलेले पासवर्ड बदलायची सोय सुरू असेल तरच चालणारी होती. ती १.९०० पासून १.९२० पर्यंत टिकली.

मला सर्वांत जास्त टोचतो तो यापुढचा भाग. १० सप्टेंबर २०१८ ला तो जुना सर्व्हर बंद करून नवा कोरा उभारला गेला, आणि बॅकअपमधून बिल्डचं फोल्डर जसंच्या तसं त्यावर उतरवलं गेलं. भांडं घासूनपुसून नवं, विरजण मात्र तेच नासलेलं. चोरवाट नव्या घरात राहायला आली.

मुक्त स्रोताचा कोड हजारो लोक वाचतात म्हणून तो सुरक्षित, असं आपण मानतो. पण हजारो डोळे वाचतात तो कोड वेगळा आणि हजारो हात बसवतात ते पॅकेज वेगळं, हे कोणी तपासलंच नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये, फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या प्रकरणातही चोरवाट जागी करणारा तुकडा गिटमध्ये नव्हता, वाटपाच्या गठ्ठ्यात होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे प्रोग्रॅमर अँड्रेस फ्रॉइंड यांना खटकलं म्हणून तो सापडला.

वेबमिनने १७ ऑगस्ट २०१९ ला बातमी कळताच १.९३० ही दुरुस्त आवृत्ती काढली, पासवर्ड आणि किल्ल्या बदलल्या, वर्षभरातले कोडमधले बदल तपासले आणि यापुढे पॅकेज थेट गिटहबवरच्या कोडमधूनच बांधायचं ठरवलं. घडलं ते त्यांनी तारीखवार लिहून सर्वांसमोर ठेवलं, याबद्दल त्यांना पूर्ण मान द्यायला हवा. तरी ‘रोबोटो’ नावाच्या बॉटनेटने, म्हणजे हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने, त्याच वर्षी याच वाटेने सर्व्हर ताब्यात घेतले.

तुमच्या संस्थेच्या कोपऱ्यात एखादा जुना सर्व्हर सुरू असेल, तर आज त्यावरच्या वेबमिनचा आवृत्ती क्रमांक पाहा. १.८९० दिसला आणि १०००० चा पोर्ट इंटरनेटला उघडा असला, तर नुसतं अपडेट करून थांबू नका. यंत्र नव्याने उभारा, आणि बॅकअपमधून फक्त तुमची माहिती परत घ्या, प्रोग्रॅम घेऊ नका.