गुरुवार, पोर्ट पंचवीस

सकाळी ८. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणून मेलची कामं आम्ही याच वारी घेतो. ग्राहक कंपनीच्या गेटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरात चढला. खोकं सर्व्हर रूममध्ये आधीच येऊन पडलेलं. सिस्कोचा ईमेल गेटवे, पण आमच्या धंद्यात सगळे अजून ‘आयर्नपोर्ट’च म्हणतात. त्या नावाची कंपनी सिस्कोने २००७ साली घेतली.

८.४५. रेल बसवून पेटी रॅकमध्ये सरकवली. दोन्ही पॉवर केबली दोन वेगळ्या यूपीएसवर. महावितरणची दुरुस्तीही गुरुवारीच निघते.

९.३०. लॅपटॉपला १९२.१६८.४२.४३ दिला आणि मॅनेजमेंट पोर्टला जोडला. पेटी शेवटच्या ४२ वर. पहिला पासवर्ड मॅन्युअलमध्येच छापलेला, म्हणजे जगजाहीर. आधी तो बदलायचा, चहा नंतर.

१०.१५. डोकं लागतं ते लिसनरला. एक बाहेरून येणाऱ्या मेलसाठी, दुसरा आतून जाणाऱ्यासाठी. पहिल्याच्या टेबलात फक्त कंपनीचं डोमेन, दुसऱ्यात फक्त एक्सचेंज सर्व्हरचा आयपी. इथे घाईघाईत सगळ्यांना परवानगी दिली की पेटी ओपन रिले झालीच. मग कुणीही यावं आणि कंपनीच्या नावावर स्पॅम खपवावा; ब्लॅकलिस्टचं निस्तरत आपण बसायचं.

११.३०. कंपनीचे आयटीवाले साहेब विचारतात, “एमएक्स रेकॉर्ड कधी बदलताय?” बदलणारच नाही. टीटीएल ८६,४०० सेकंद आहे, म्हणजे जुना पत्ता दिवसभर लोकांच्या कॅशमध्ये राहणार. शिवाय डीएनएसचा पासवर्ड सोडून गेलेल्या माणसाकडे. त्यापेक्षा पब्लिक आयपी तोच ठेवायचा आणि फायरवॉलवर पोर्ट २५ चं तोंड एक्सचेंजकडून पेटीकडे फिरवायचं. बिघडलं तर मिनिटात मागे. हे जिथे जमतं तिथे डीएनएसला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

१२.३०. तोंड फिरवलं. बाहेरून टेलनेट मारलं तर २२० च्या पुढे नुसत्या फुल्या! ईएचएलओच्या उत्तरातून स्टार्टटीएलएस गायब. पेटीचा दोष नाही. फायरवॉलमधलं एसएमटीपी इन्स्पेक्शन मध्येच उत्तर झाकत होतं. ते बंद केलं, बॅनर स्वच्छ.

१.३०. डबा.

२.१५. जीमेलवर चाचणीचा मेल गेला, हेडरमध्ये मात्र एसपीएफ सॉफ्टफेल. पेटी बाहेर पडताना फायरवॉलचा सर्वसाधारण आयपी घेत होती. तो एसपीएफमध्ये नाही, त्याला पीटीआरही नाही. येण्याचा रस्ता सगळे तपासतात, जाण्याचा कुणी नाही. पेटीसाठी वेगळा सोर्स नॅट टाकला, आता पास.

३.३०. आमच्या बाहेरच्या सर्व्हरवरून आयकारची फाइल पाठवली. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, पण अँटिव्हायरसने त्याला विषाणूच मानायचं असा सर्वांचा संकेत. पेटीने अडवली. साहेबांनी लॉगमधली ओळ मोबाइलवर टिपली. मालकांना दाखवायला काहीतरी हवंच.

४.४५. क्वारंटाइनमध्ये एका पुरवठादाराचं कोटेशन अडकलेलं. साहेब म्हणाले, “त्यांचं डोमेन कायमचं सोडून द्या ना.” नाही दिलं. पुरवठादाराच्या नावाने बँक खातं बदलल्याचा खोटा मेल येतो तो अशाच मोकळ्या दारातून. एवढं एक कोटेशन सोडलं.

५.३०. कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून घेतली. पासवर्ड फुल्यांनी झाकून उतरवली तर ती परत चढत नाही, म्हणून एन्क्रिप्टचा पर्याय. एक प्रत साहेबांकडे, रिपोर्टवर सही, आणि गेटवर पुन्हा तोच सिरियल नंबर.