वीस मिनिटं आणि दहा तास

दुर्बिणीच्या नसबंदी शिबिरांना आवर घालणाऱ्या, १४ सप्टेंबर २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला दशक होत आलं. मला त्या निमित्ताने आमचा सिल्वासाचा मुलूख आठवतो.

सत्तरच्या दशकाचं सांगण्यासारखं फार नाही. हत्यारं उकळायची किंवा ऑटोक्लेव्हला लावायची. ऐंशीचं दशक दुर्बिणीचं. तिची भिंगं तेव्हा ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नसत, म्हणून ती दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये बुडवायची. वीस मिनिटांत जिवाणू, विषाणू, बुरशी मरतात; धनुर्वाताचे बीजाणू मरायला दहा तास लागतात. पहिलं हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, दुसरं केमिकल स्टरिलायझेशन. पोटात शिरणारं हत्यार पूर्ण निर्जंतुकच हवं, हे अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ सालीच मांडलं होतं.

खानवेलकडून जीपमध्ये भरून आणलेल्या वारली, कोकणा बायका व्हरांड्यात बसलेल्या असत. दुर्बिणी दोन आणि ओळ फाटकापर्यंत. दहा तास सोडाच, वीस मिनिटंही कुणी देत नसे. ट्रेमध्ये बुडवली, पुसली, पुढची बाई! आधी रक्त घासून काढलं नाही तर ग्लुटारल्डिहाइड ते हत्यारावर पक्कं बसवतं. ओली हत्यारं बुडत गेली की द्रावण पातळ होतं. हे बोलणाऱ्या आम्हा सिस्टरांना शिबिर अडवणाऱ्या ठरवलं जाई. नसबंदीच्या टार्गेटचा तक्ता छातीशी धरून आम्हाला गप्प करणाऱ्या त्या साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही.

१९९६ साली टार्गेटं कागदावरून गेली, घाई गेली नाही. तीन दुर्बिणींवर दिवसाला तीसच शस्त्रक्रिया, असा सरकारी नियम असताना ८ नोव्हेंबर २०१४ला बिलासपूरजवळ पेंडारीत काही तासांत ८३ झाल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तेरा जणी गेल्या. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या गोळ्यांतलं विष की जंतुसंसर्ग, यावर वाद झाला. त्या वेगाचं समर्थन मात्र कशानेच होत नाही.

आज ऑटोक्लेव्ह सोसणाऱ्या दुर्बिणी मिळतात. तरी कितीतरी लहान नर्सिंग होममध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनलाही ट्रेमधलीच उचलतात. ऑर्थोफ्थालअल्डिहाइड हे नवं द्रावण बारा मिनिटांत काम करतं म्हणून सगळे खूश. बीजाणू तेवढ्यात मरत नाहीत. वर धुवायला नळाचं पाणी. त्यातले मायकोबॅक्टेरिया काही आठवड्यांनी बेंबीजवळ गाठ उठवतात, पू येत राहतो, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, आणि बाई महिनोन्महिने औषधं खाते. दुर्बीण कशात, किती वेळ बुडवली होती, ही एक ओळ डिस्चार्जच्या कागदावर लिहायला काय लागतं? मी तरी ती अजून एकाही कागदावर पाहिलेली नाही.