हवेतून ऑक्सिजन : नंदुरबारचे पीएसए प्लांट

कुठे, कधी : नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पहिला प्लांट सप्टेंबर २०२० मध्ये. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड. २०२१ च्या सुरुवातीला आणखी प्लांटची भर.

हवेत काय : नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आरगॉन सुमारे ०.९३.

पीएसए म्हणजे दाब बदलून अधिशोषण. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतली धूळ, तेल, ओलावा आधी काढतात. मग ती झिओलाइटच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या टाकीत सोडतात. दाबाखाली नायट्रोजन गोळ्यांना चिकटतो, ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो, गोळ्या पुन्हा तयार. म्हणून टाक्या दोन : एक काम करते, तेव्हा दुसरी मोकळी होते. शुद्धता सुमारे ९३ टक्के; उरलेल्यात मुख्यतः आरगॉन, कारण तो ऑक्सिजनबरोबरच निसटतो. कच्चा माल फुकट, पण वीज अखंड हवी. घरगुती कॉन्सन्ट्रेटरही याच तत्त्वावर चालतो.

टँकरमधला ऑक्सिजन वेगळा. हवा अतिथंड करून द्रवरूप करतात. नायट्रोजन उणे १९६, आरगॉन उणे १८६, ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. या फरकावर ऊर्ध्वपातन. शुद्धता ९९ टक्क्यांहून अधिक. १ लिटर द्रवातून सुमारे ८६० लिटर वायू. मात्र तो टँकरने आणावा लागतो, आणि जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात रस्ता लांबचा आणि घाटाचा.

गल्लत नको : पीएसए म्हणजे गाळणी नव्हे. गाळणी कण अडवते, वायू नाही. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण रोखतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही त्यातून आरपार जातात.