नोटेवरचा चेहरा आणि विटांचे चर्च

बँकेच्या नोकरीत आयुष्याची छत्तीस वर्षे गेल्यामुळे एक सवय अंगवळणी पडली आहे. कोणत्याही देशाची नोट हाती आली की मी ती आधी उजेडासमोर धरतो आणि मगच तिच्यावरची रक्कम वाचतो. गेल्या वर्षी मुलीकडे सिडनीला गेलो असताना जावयांनी आपल्या संग्रहातील एक जुनी, कागदी, दहा डॉलरची नोट माझ्यासमोर ठेवली. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग सोडून दशमान चलन स्वीकारले, त्या वेळची ही नोट. तिच्या एका बाजूस हेन्री लॉसन हा लेखक, तर दुसऱ्या बाजूस फ्रान्सिस ग्रीनवे नावाचा गृहस्थ. १९९३ साली प्लॅस्टिकची नवी नोट येईपर्यंत हा चेहरा त्या देशाच्या खिशाखिशांत वावरत होता.

“हे कोण?” मी विचारले.

“वास्तुशिल्पी,” जावई म्हणाले, “आणि बनावट दस्तऐवज केल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला गुन्हेगार.”

मी नोट खाली ठेवली. खोटी सही, खोटा कागद हा बँकवाल्याच्या लेखी सर्वांत मोठा अपराध. त्याच अपराधाचा दोषी माणूस एखादे राष्ट्र आपल्या नोटेवर छापते, हे पचनी पडेना. दुसऱ्या दिवशी त्याने बांधलेले सेंट जेम्स चर्च पाहायला गेलो, ते काहीशा तपासनिसाच्या वृत्तीनेच.

विटांची साधी वास्तू

सिडनीच्या किंग स्ट्रीटच्या टोकाशी, काचेच्या उंच इमारतींच्या गर्दीत हे चर्च उभे आहे. शहराच्या मध्यभागात आज उभी असलेली ही सर्वांत जुनी चर्चवास्तू. युरोपातील चर्च म्हटले की कोरीव दगड, टोकदार कमानी असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही नाही. उबदार तांबूस विटांच्या सरळ भिंती, त्यांना लागून विटांचेच चपटे अर्धस्तंभ, वर गोलाई असलेल्या खिडक्या आणि मनोऱ्यावर तांब्याने मढविलेला निमुळता कळस. सारे सौंदर्य प्रमाणबद्धतेत. लांबी, उंची आणि खिडक्यांमधील अंतर यांचा हिशेब असा चोख जमला आहे की अलंकाराची उणीव जाणवत नाही.

या वास्तूला चर्चपेक्षा सभागृहाचा घाट अधिक आहे, आणि त्याला कारणही आहे. ७ ऑक्टोबर १८१९ रोजी तिचा पाया घातला गेला तो न्यायालयासाठी! न्यायालयाचे देवालय कसे झाले, हे समजण्यासाठी आधी ते बांधणाऱ्याची आणि बांधविणाऱ्याची कथा पाहावी लागते.

गुन्हेगार आणि गव्हर्नर

फ्रान्सिस ग्रीनवे याचा जन्म १७७७ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराजवळ झाला. घराण्याचा व्यवसाय गवंडीकाम आणि बांधकामाचा. हाताला कसब होते, व्यवहाराला शिस्त नव्हती. १८०९ साली त्याचे दिवाळे निघाले. पुढे एका बांधकामाच्या करारासंबंधी त्याने खोटा दस्तऐवज केल्याचे उघड झाले. १८१२ साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या काळी इंग्लंडात अशा गुन्ह्यास देहान्ताची शिक्षा होती, आणि तीच त्याला फर्मावण्यात आली. नंतर ती बदलून चौदा वर्षांची हद्दपारी झाली. आपल्याकडे ज्याला काळे पाणी म्हणत, तसलीच ही शिक्षा, फक्त अंदमानऐवजी ऑस्ट्रेलिया. फेब्रुवारी १८१४ मध्ये कैद्यांच्या जहाजातून तो सिडनीच्या बंदरात उतरला.

१७८८ साली इंग्रजांनी येथे वसाहत मांडली ती मुळात कैद्यांसाठीच. गॅडिगल लोकांची ही परंपरागत भूमी त्यांना न विचारता बळकावली गेली, आणि त्यावर इंग्लंडने आपल्याला नकोशी झालेली माणसे आणून ठेवली. १८१० पासून तेथे लॅकलन मॅक्वारी हा गव्हर्नर होता. हे नाव मुंबईकरांना अगदीच परके असू नये. तरुणपणी फौजी अधिकारी म्हणून त्याने हिंदुस्थानात बरीच वर्षे काढली. टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमांत तो होता. १७९३ साली त्याचा पहिला विवाह मुंबईत झाला, आणि तीनच वर्षांत क्षयाने मकाऊ येथे निवर्तलेल्या त्या पत्नीचा देह त्याने दफनासाठी मुंबईलाच आणला.

या मॅक्वारीचे एक ठाम मत होते. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला त्याचा गुन्हा पुन्हा पुन्हा ऐकवू नये. त्याच्या वर्तनाप्रमाणे आणि गुणांप्रमाणे त्याला समाजात पूर्वीचे स्थान मिळावे. केवळ बोलून तो थांबला नाही. शिक्षामुक्त लोकांना त्याने आपल्या जेवणाच्या मेजावर बसविले, काहींना दंडाधिकारीही नेमले. वसाहतीतील प्रतिष्ठित मंडळींच्या अंगाचा त्यामुळे तिळपापड होई.

ग्रीनवेजवळ एक शिफारसपत्र होते, आणि तेही वसाहतीचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याचे. मॅक्वारीने परीक्षा म्हणून त्याला एका पुस्तकातील इमारतीचा आराखडा नकलून आणावयास सांगितले. कोणीही कैदी मान खाली घालून तो घेऊन आला असता. ग्रीनवेने मात्र अशी नक्कल करणे आपल्या कलेला शोभत नाही, असे उलट पत्र गव्हर्नरला धाडले! खोट्या दस्तऐवजापायी येथवर आलेल्या माणसाने नक्कल करण्यास नकार द्यावा, हा नियतीचा विनोदच. मॅक्वारी चिडला, पण त्याने माणूस टाकला नाही. १८१६ साली दिवसाला तीन शिलिंग पगारावर त्याला सरकारी वास्तुशिल्पी नेमले. बंदराच्या मुखाशी ग्रीनवेने दीपगृह उभारले, तेव्हा गव्हर्नरने त्याला सशर्त माफी दिली. आधी काम, मग माफी, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

न्यायालयाचे देवालय

मॅक्वारीला या कैदखान्याचे नगर करावयाचे होते. रस्ते, रुग्णालय, शाळा आणि चर्च अशी कामे त्याने झपाट्याने काढली. १८१७ साली त्याच्याच पुढाकाराने बँक ऑफ न्यू साउथ वेल्स ही तेथील पहिली बँक स्थापन झाली. लंडनला मात्र हा खर्च मंजूर नव्हता. गुन्हेगारांच्या मनात ज्या शिक्षेने धडकी भरावी, ती अशा सुंदर नगरात भोगावयाची असेल तर तिचा धाक तो काय राहणार? या चौकशीसाठी १८१९ च्या सप्टेंबरात जॉन थॉमस बिग हा आयुक्त सिडनीत दाखल झाला. आमच्या भाषेत सांगायचे तर मुख्य कार्यालयाने पाठविलेला लेखापरीक्षक!

मॅक्वारीने भव्य कॅथीड्रलची योजना आखली होती. बिगने ती थांबविली. किंग स्ट्रीटवर न्यायालयाचे बांधकाम नुकतेच सुरू झाले होते. त्याचेच चर्च करावे आणि शेजारच्या शाळेच्या इमारतीत न्यायालय न्यावे, असे त्याने सुचविले. ग्रीनवेला अर्ध्यावर आराखडा बदलावा लागला. पश्चिमेस मनोरा आला, त्यावर कळस चढला, न्यायासनाच्या जागी वेदी आली. भिंती कैद्यांच्याच श्रमांनी उठल्या. ११ फेब्रुवारी १८२४ रोजी सॅम्युअल मार्सडेन या ज्येष्ठ धर्मोपदेशकाच्या हस्ते वास्तूचे विधिवत पवित्रीकरण झाले. सुटलेल्या कैद्यांना मॅक्वारी मान देतो, याचा सर्वाधिक संताप ज्यांना होता, त्यांत हा मार्सडेन अग्रभागी होता. गुन्हेगाराने रेखाटलेल्या आणि गुन्हेगारांनी उभारलेल्या वास्तूला पवित्र करण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले.

तोवर मॅक्वारी पायउतार होऊन मायदेशी परतला होता, आणि नव्या गव्हर्नरने १८२२ मध्येच ग्रीनवेला नोकरीतून काढले होते.

या चर्चचा आपल्या देशाशीही एक प्रशासकीय धागा जुळतो. १८२४ साली ऑस्ट्रेलियातील अँग्लिकन चर्चसाठी आर्चडीकनचे पद निर्माण झाले, ते कलकत्त्याच्या बिशपच्या अधिकाराखाली. म्हणजे मुंबई आणि सिडनी ही दोन्ही बंदरे धर्मकारभारात एकाच वेळी कलकत्त्याकडे पाहत होती. १८३६ साली ऑस्ट्रेलियाला स्वतंत्र बिशप मिळाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईला. ऑस्ट्रेलियाचे ते पहिले बिशप विल्यम ब्रॉटन यांचा पदग्रहण समारंभ याच सेंट जेम्समध्ये झाला.

बाकांचे भाडे

देवाच्या दारात सारे समान, असे आपण म्हणतो. सेंट जेम्समधील बसण्याची व्यवस्था मात्र समाजाचा ताळेबंद होती. खालची बाके कुटुंबांना भाड्याने दिली जात. समोरच्या हाइड पार्क बराकीतले कैदी (ही बराकही ग्रीनवेचीच) रविवारी रांगेने आणून वरच्या गॅलऱ्यांत बसविले जात. शिपायांचे स्थानही तेथेच.

या बाकांवरून १८२८ साली मोठे प्रकरण घडले. एडवर्ड स्मिथ हॉल हा ‘मॉनिटर’ या वृत्तपत्राचा संपादक. वर उल्लेखिलेल्या बँकेचा तो पहिला रोखपाल आणि चिटणीस, हे वाचून मला त्याच्याविषयी साहजिकच आपुलकी वाटली. आपल्या पत्रातून तो सत्ताधाऱ्यांवर आणि आर्चडीकन स्कॉटवर टीका करी. परिणामी चर्चमधील त्याचे बाक बंद करण्यात आले. हॉल मुकाट्याने घरी परतला नाही. कुटुंबासह तो थेट वेदीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला, आणि पुढे न्यायालयात दावा लावून जिंकलाही. न्यायालय म्हणून पाया घातलेल्या वास्तूला तिचे मूळ प्रयोजन त्या दिवसांत आठवले असेल.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी आतील रचना बदलली आणि बहुतेक गॅलऱ्या निघाल्या. भिंतींवरच्या स्मृतिफलकांची दाटी मात्र कायम आहे. त्यांतील एका फलकापाशी मी बराच वेळ थांबलो. एडमंड केनेडी हा संशोधक १८४८ साली केप यॉर्कच्या अरण्यात स्थानिकांच्या भाल्यांनी मारला गेला. गॅल्माऱ्हा नावाच्या आदिवासी सोबत्याने अखेरपर्यंत त्याची साथ केली. इंग्रज त्याला जॅकी जॅकी म्हणत, आणि त्याच नावाने त्याच्या निष्ठेचा उल्लेख या फलकावर आहे. ज्यांची भूमी गेली, त्यांच्यापैकी एकाला या भिंतीवर जागा मिळाली तीही दुसऱ्याच्या फलकावर आणि दुसऱ्याने ठेवलेल्या नावाने. हिशेबाच्या वहीत एवढीशी नोंद केल्याने खाते पुरे होत नाही.

सही न केलेला कागद

ग्रीनवे माफीनंतर संतसज्जन झाला, असे मुळीच नाही. तो उद्धट, भांडखोर आणि देण्याघेण्याच्या वादात सदैव गुंतलेला होता. सरकारकडून त्याने भरमसाट शुल्क मागितले. मॅक्वारीशीही त्याचे फाटले. १८३७ साली दारिद्र्यात त्याचा अंत झाला. मेटलंड येथे त्याला पुरले. थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच माणसाचा चेहरा देशाने नोटेवर छापला.

चर्चच्या बाकावर बसून हे सारे आठवीत असताना मला एक जुनी दुपार आठवली. आमच्या एका शाखेत एका तरुण लिपिकाने खातेदाराची खोटी सही करून रक्कम काढली होती. रक्कम मोठी नव्हती, आणि त्याने ती परतही केली. अहवाल मी लिहिला. त्याची नोकरी गेली. तो अहवाल आज पुन्हा लिहावा लागला, तरी मी तसाच लिहीन. ठेवीदाराचा विश्वास हीच बँकेची खरी ठेव. परंतु तीन वर्षांनी तो माझ्या घरी आला. एका पेढीवर हिशेब लिहिण्याचे काम मिळत होते. ‘मधल्या काळात माझे वर्तन चांगले आहे, एवढे लिहून द्या’ अशी त्याची विनंती होती. ते वर्तन खरोखरच चांगले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी ‘नियमात बसत नाही’ म्हणालो. त्याने चहा अर्धाच घेतला, नमस्कार केला आणि गेला.

त्या कागदावर सही करण्यास कोणता नियम आड येत होता, ते आज मला सांगता येत नाही. अहवाल लिहिणे हे माझे कर्तव्य होते. पण तीन वर्षांनंतरचा नकार ही निव्वळ माझी भीती होती. मॅक्वारीने ग्रीनवेचा गुन्हा नाकारला नाही, शिक्षाही खोटी ठरविली नाही. त्या माणसाच्या नावावर गुन्ह्याखेरीज आणखीही काही जमा होऊ शकते, एवढीच जोखीम त्याने पत्करली. त्या जोखमीची जमा बाजू किंग स्ट्रीटच्या टोकाशी दोनशे वर्षे उभी आहे.

बाहेर पडताना संध्याकाळचे ऊन पश्चिमेकडील मनोऱ्यावर होते. जवळून पाहिले, तर प्रत्येक वीट हाताने घडविलेली. कोठे किंचित वाकडी, कोठे टवका उडालेली. दोन पावले मागे सरलो, आणि भिंत सरळ दिसली.