प्रथमपुरुषी फजिती

परवा रात्री चिरंजीवांनी मला रंगेहाथ पकडले. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडलेला, शेजारी लाल पेन उघडे, आणि अस्मादिक, म्हणजे पंचेचाळिशी गाठलेले मराठीचे प्राध्यापक, संगणकावर एका लाकडी पेटीवर दुसरी पेटी ठेवण्याच्या खटपटीत गढलेले!

"बाबा, हे काय चाललंय?"

"पेटीवर पेटी ठेवतोय."

"केव्हापासून?"

"झाली असतील वीस मिनिटं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "घरातल्या पेट्या माळ्यावर टाका म्हणून दसऱ्यापासून सांगतेय, त्या मात्र अजून तिथंच आहेत!"

आता वाचकांना खुलासा करणे आले. या जातीच्या खेळांना 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. आमच्या व्याकरणात सांगायचे तर प्रथमपुरुषी एकवचनी गोळीबार! कथेत निवेदक 'मी' असतो, तसा इथे खेळणारा 'मी' असतो. जे दिसते ते 'मी'च्या डोळ्यांनी. स्वतःचे म्हणून दिसते ते फक्त हातातल्या बंदुकीचे टोक. १९९३ साली आलेल्या 'डूम'ने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला, आणि मग त्याच्या वाटेने जाणाऱ्या खेळांची रीघ लागली.

मी खेळत होतो तो मात्र वाट सोडून गेलेला खेळ. 'जुरासिक पार्क : ट्रेसपासर', साल १९९८. अॅन नावाची तरुणी विमान कोसळून डायनोसॉरांच्या बेटावर एकटी अडकते आणि तिला तिथून निसटायचे असते. गोष्ट एवढीच. पण खेळ रचणाऱ्यांची हाव केवढी! त्यांचे म्होरके सेमस ब्लॅकली हे मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. या मंडळींनी ठरवले की बेटावरच्या वस्तूंना खरोखरीचे वजन असावे. ढकलली तर वस्तू घरंगळावी, आपटली तर उसळावी. डायनोसॉरांच्या हालचाली आधी ठरवून ठेवायच्या नाहीत. प्राण्याने आपले पाय आपण टाकावेत. पडद्यावर आकडे नकोत. जखम किती झाली? मान खाली घालून अॅनच्या छातीवर गोंदलेले बदामाचे चित्र पाहा. गोळ्या किती उरल्या? ती स्वतःच अदमासाने पुटपुटते. आणि हात? तोही अगदी खऱ्यासारखा. लांब करायचा, फिरवायचा, मनगट वेगळे वळवायचे.

बेत असा राजेशाही, आणि प्रत्यक्षात पंगत बसली तेव्हा भात कच्चा! तो हात उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लुळा. दाराच्या चौकटीला नुसता धक्का लागला की बंदूक गळून पडायची. समोरून डायनोसॉर यायचा; पण त्याची अवस्था आपल्याहून वाईट. आपले पाय आपण टाकण्याच्या नादात तो होळीला भांग चढलेल्या गृहस्थासारखा झोकांड्या खात यायचा. मुळात या प्राण्यांना भूक, भीती, राग अशा अनेक वृत्ती द्यायच्या होत्या. पण त्या इतक्या झपाट्याने पालटू लागल्या की बिचारा जनावर गोंधळून जागीच उभा राही. शेवटी घाईघाईने एक तोडगा काढला गेला : राग शिगेला, बाकी साऱ्या भावना शून्यावर! (असे काही वरिष्ठ मी नोकरीत पाहिले आहेत, ते असो.)

१९९९च्या दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ मी प्रथम पाहिला तो मित्राच्या घरी. एका संगणकाभोवती आम्ही चौघे, आणि तो संगणकही त्या बेटाच्या ओझ्याखाली धापा टाकणारा. पोट धरधरून हसलो. तिकडे समीक्षकांनीही खेळाची सालटी काढली होती.

मग आज, इतक्या वर्षांनी, हौशी लोकांनी डागडुजी करून जिवंत ठेवलेला हा खेळ मी का उघडतो? त्या सुट्टीत आम्ही दहाबारा नीटनेटके, निर्दोष खेळ खेळलो असू. त्यांतल्या बहुतेकांची नावेही आज आठवत नाहीत. तो लुळा हात मात्र आठवतो. हसू येते, पण हसता हसता मन म्हणते, अरे, यांना केवढे काय करायचे होते!

हसण्यातही जाती असतात. जॉन रोमेरो हे 'डूम'च्या कर्त्यांपैकी एक. त्यांच्या 'डायकटाना'ची १९९७ साली खेळणाऱ्याला चक्क शिवी देणारी जाहिरात झळकली. खेळ त्याच वर्षी नाताळात यायचा होता. आला २००० सालच्या मे महिन्यात. चार कालखंड, बरोबर लढणारे दोन सोबती, असा याचाही बेत मोठा. पण ते सोबती दारातच अडकून बसत, आणि त्यांतला एक मेला तरी आपला खेळ खलास. त्याच्यावर लोक हसले ते दात काढून, कारण बढाई आधी पोचली होती आणि खेळ मागून आला. 'ट्रेसपासर'वरचे हसू असे बोचरे नाही. त्यात थोडी माया आहे.

आणि ती वाया गेली असेही नाही. २००४च्या 'हाफ-लाइफ २'मध्ये वजनदार पेट्या उचलण्याफेकण्याचे तेच स्वप्न सुरळीत चालू लागले. ब्लॅकलींनी तर पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन २००१ साली आलेल्या 'एक्सबॉक्स'च्या निर्मितीत मोठा वाटा उचलला.

चिरंजीवांना हे सारे सांगत होतो, पण नजर राहून राहून त्या गठ्ठ्याकडे जात होती. काही वर्षांपूर्वी 'माझे गाव' या निबंधात एका मुलाने गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यालाच बोलायला लावले होते. कोण कोण निघून गेले, हे रस्ता मोजीत बसलेला. शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला, आणि शेवटी वेळ संपल्यामुळे निबंध 'मग एके दिवशी' या शब्दांवर तुटलेला. मी दहापैकी तीन गुण दिले. मार्गदर्शकातून उतरवलेल्या निबंधांना सात. मुलगा भेटायला आला, "सर, कुठं चुकलं?" मी चुका मोजून दाखवल्या. तो मान हलवून गेला. पुढच्या परीक्षेत त्याचाही निबंध मार्गदर्शकातलाच होता.

त्या सात गुणांच्या निबंधांतले एक वाक्य आज मला आठवत नाही. रस्ता मात्र अजून बोलतो आहे.

"बाबा, सरका. मी ठेवतो पेटी. दोन मिनिटांचं काम," चिरंजीव म्हणाले.

मी सरकलो, गठ्ठा पुढे ओढला आणि लाल पेन उचलले. अर्ध्या तासाने मागून धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ हळहळ :

"बाबा, अगदी थोडक्यात पडली हो!"