नोकरीची सावली आणि धंद्याचे ऊन

क्वीन्सिगामंड सरोवराकाठच्या श्रूजबरीत आपल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न वारंवार येतो: पगाराची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढावा काय? हिशेब बहुधा जुळतो, पाऊल मात्र अडते. ‘बँकेत आपल्याला कोण उभे करतो?’ असे अर्ज करण्यापूर्वीच आपण ठरवून टाकतो.

कोकणात घाणा चालविणारे आपले पूर्वज, ते ‘शनवार तेली’, धंदेवाईकच होते. मुंबईस आल्यावर पलटण, रेल्वे व सरकारी कचेऱ्या आपल्याशा झाल्या. पेन्शन म्हणजे अब्रू असे समीकरण बसले. इस्रायलात १९६२ साली रब्बींच्या निर्देशांनी आपल्या विवाहांवर शंका घेतली; १९६४ च्या आंदोलनानंतर क्नेसेटने आपणांस सर्वार्थाने यहुदी मानले. त्या अवहेलनेने पुष्कळांस खात्रीच्या पगाराकडे अधिकच ढकलले, असे आम्हांस वाटते.

परंतु परिणाम एकाच दिशेने होत नाही. भेदभावास कंटाळून १९५२ साली आपले कित्येक बांधव हातचे सोडून इस्रायलातून मुंबईस परतले. याहून मोठी जोखीम ती कोणती? संतापात दाखविलेले धाडस कर्जाच्या अर्जापुढेच का गळावे?

वंश, वर्ण वा धर्म पाहून कर्ज नाकारण्यास अमेरिकेत १९७६ च्या कायदा-दुरुस्तीने मनाई केली आहे. नकार आलाच, तर त्याचे कारण लेखी मागण्याचा हक्क अर्जदारास आहे. ते अवश्य मागावे.